बखिताचा नकार

न्यायालयीन कादंबऱ्यांचा वाचकवर्ग मोठा आहे. एखादा सचोटीचा सरकारी वकील, त्याच्यासमोर माणसांची खरेदी-विक्री करणारी टोळी, फुटणारे साक्षीदार, गहाळ होणारी कागदपत्रे आणि शेवटच्या प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली कोणी बडी असामी, असा त्यांचा साचा ठरलेला असतो. ही पुस्तके आम्हीही आवडीने वाचतो. अन्यायाचा शेवट न्यायात झालेला पाहावा ही भूक माणसाला उपजतच असावी. मात्र इतिहासात अशा खटल्याचा शोध घेऊ लागलो की निराळेच काही हाती लागते. तेथे सरकारी वकील येतो, परंतु त्याला बोलवावे लागते. तो निर्णायक शब्द उच्चारतो, परंतु अगदी थोडक्यात. आणि खरे धैर्य दाखवावे लागते ते ज्या व्यक्तीची विक्री झालेली असते तिलाच.

अशा एका प्रसंगाची ही हकिकत आहे. स्थळ इटलीतील व्हेनिस शहर, दिनांक २९ नोव्हेंबर १८८९. कनोसा धर्मभगिनींच्या देखरेखीखाली चालणाऱ्या दीक्षार्थी आश्रमाच्या दिवाणखान्यात काही मंडळी जमली होती. व्हेनिसचे पॅट्रिआर्क कार्डिनल दोमेनिको अगोस्तिनी होते, आश्रमाचा कारभार पाहणाऱ्या धर्मादाय संस्थेचे अध्यक्ष होते, एक लष्करी अधिकारी होता, एक श्रीमंत गृहिणी होती, आणि राजाचे प्रोक्युरेटर म्हणजे सरकारी अभियोक्ता होते. या सर्वांसमोर साधारण वीस वर्षांची एक आफ्रिकी तरुणी उभी होती. तिने त्या गृहिणीबरोबर परत जावे की जाऊ नये, एवढाच प्रश्न होता. त्या तरुणीला आज आपण संत जोसेफिन बखिता म्हणून ओळखतो.

नाव हरवलेली मुलगी

सुदानच्या पश्चिमेस दारफुर प्रांत आहे. तेथील ओल्गोसा नावाच्या गावी १८६९ च्या सुमारास तिचा जन्म झाला. घर खाऊन-पिऊन सुखी होते, भावंडांचा गोतावळा होता आणि चुलता गावचा प्रमुख होता. एके दिवशी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी गावावर धाड घातली आणि तिच्या थोरल्या बहिणीला पळवून नेले. आईचा त्या वेळचा आक्रोश ती आयुष्यभर विसरली नाही. पुढे सात-आठ वर्षांची असताना तिच्यावरही तोच प्रसंग ओढवला. मैत्रिणीबरोबर रानात गेली असता दोघा अनोळखी इसमांनी मैत्रिणीला पुढे पाठवून दिले आणि झाडीत राहिलेले एक गाठोडे आणून देण्यास हिला सांगितले. वडीलधाऱ्यांचे ऐकावे हे संस्कार झालेली ती पोर झाडीत गेली आणि नाहीशी झाली.

धाकाने तिची वाचा बसली होती. नाव विचारले तेव्हा तिला ते सांगता आले नाही आणि नंतर कधी आठवलेही नाही. पकडणाऱ्यांनीच तिचे नाव ‘बखिता’ असे ठेवले. अरबी भाषेत त्याचा अर्थ ‘भाग्यवान’ असा होतो. ही त्यांची क्रूर थट्टा पुढे परमेश्वराने खरी करून दाखवली, असे तिच्या चरित्राचे वाचक म्हणतात. परंतु त्या क्षणी ती थट्टाच होती.

अल् ओबेदच्या बाजारापर्यंत सुमारे ९६० किलोमीटरचे अंतर ती अनवाणी चालली. वाटेतच ती दोनदा विकली गेली. पुढील काही वर्षांत मालक बदलत राहिले. एका धनिकाच्या मुलाने भांडे फोडल्याच्या रागात तिला असे मारले की महिनाभर तिला चटईवरून हलता आले नाही. नंतर ती एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी आली. तेथील स्त्रियांच्या हुकमावरून तिच्या छातीवर, पोटावर आणि उजव्या हातावर वस्तऱ्याने नक्षी कोरण्यात आली आणि व्रण कायमचे राहावेत म्हणून जखमांत मीठ चोळण्यात आले. तिच्या अंगावर असे ११४ व्रण होते.

येथे कायद्याच्या इतिहासातील एक नोंद लक्षात ठेवावयास हवी. बखिताला पळवून नेले ते १८७७ च्या सुमारास. त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, ब्रिटन आणि इजिप्त यांच्यात गुलामांच्या व्यापाराला बंदी घालणारा करार झाला. सुदान तेव्हा इजिप्तच्या अमलाखाली होते. मात्र गुलाम आणण्यास बंदी घालणाऱ्या याच कराराने एका घरातून दुसऱ्या घरात होणाऱ्या विक्रीला मुदत देऊन ठेवली होती. इजिप्तमध्ये ती सात वर्षांची होती, सुदानमध्ये बारा वर्षांची. म्हणजे ज्या काळात ही मुलगी हातोहात विकली जात होती, तो काळ कायद्याने जाणूनबुजून दिलेल्या सवलतीचा होता. सुदानपुरती ती सवलत संपण्याचे वर्ष होते १८८९.

भेट म्हणून दिलेले माणूस

१८८३ साली खार्टूम येथे कालिस्तो लेन्यानी या इटालियन उपवाणिज्यदूताने तिला विकत घेतले. या घरात तिला प्रथमच अंगभर वस्त्र मिळाले आणि चाबूक थांबला. तिच्या घरच्यांचा शोध घेण्याचाही त्याने प्रयत्न केला. परंतु जिला स्वतःचे नाव आठवत नव्हते, तिला गावाची वाट कोठून आठवणार? पुढे महदीच्या बंडखोर सेनेने खार्टूमला वेढा घातला. हे शहर पडणार अशी चिन्हे दिसू लागताच लेन्यानीने ते सोडले. आपल्यालाही बरोबर न्यावे अशी बखिताने त्याच्याकडे याचना केली. २६ जानेवारी १८८५ रोजी खार्टूम पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तांबड्या समुद्रावरील सुआकीन बंदरातून ही मंडळी बोटीने निघाली आणि १८८५ च्या वसंतात जिनोआ येथे उतरली.

लेन्यानीबरोबर त्याचा मित्र ऑगस्तो मिकिएली हाही होता. मिकिएलीची पत्नी मारिया तुरिना त्यांना घ्यायला बंदरावर आली. आपल्यालाही एखादी आफ्रिकी मुलगी हवी असा तिने हट्ट धरला आणि लेन्यानीने बखिताला तिच्या स्वाधीन केले. एखाद्या दूरच्या प्रवासाहून आणलेली वस्तू मित्राच्या पत्नीला द्यावी, तशी!

वाचकहो, या घटनेपाशी आपण क्षणभर थांबू या. हे दारफुरच्या रानात घडले नाही. गुलामगिरीला कायद्यात स्थान नसलेल्या एका ख्रिस्ती राष्ट्राच्या बंदरावर, त्याच राष्ट्राच्या एका अधिकाऱ्याने हे केले. तो क्रूर नव्हता. बखिताच्या आठवणींत त्याच्याविषयी कृतज्ञताच आहे. तुरिनाबाईही चाबूक उगारणाऱ्यांपैकी नव्हती. दोघेही सभ्य होते, स्नानसंस्कार झालेले होते, आणि एका माणसाचे दान करताना वा ते स्वीकारताना आपण काही वावगे करीत आहोत असे दोघांपैकी कोणालाही वाटले नाही. जहाजातून जिनोआच्या धक्क्यावर पाऊल टेकले त्या क्षणी इटलीच्या कायद्याप्रमाणे बखिता स्वतंत्र होती. ही गोष्ट तिला सांगणारे मात्र पुढील चार वर्षांत कोणी भेटले नाही.

व्हेनेतो प्रांतातील मिरानो या गावाजवळ मिकिएली कुटुंब राहत असे. १८८६ च्या फेब्रुवारीत तुरिनाबाईला मुलगी झाली. तिचे लाडके नाव मिम्मिना. बखिता तिची दाई झाली आणि त्या बाळावर तिने जीव लावला. मिकिएलीने सुआकीन येथे हॉटेल घेतले होते. त्याच्या कारभारासाठी तुरिनाबाईला तेथे जाणे भाग होते. तेव्हा बखिता आणि मिम्मिना या दोघींना व्हेनिसच्या दीक्षार्थी आश्रमात ठेवावे, असे १८८८ साली ठरले. ही व्यवस्था इलुमिनातो केक्किनी यांच्या सल्ल्याने झाली. मिकिएलींच्या मालमत्तेचा कारभार पाहणारा हा गृहस्थ श्रद्धाळू होता. त्याने बखिताला एक छोटा चांदीचा क्रूस दिला. देण्यापूर्वी त्याने तो ओठांना लावला आणि देवाचा पुत्र आपल्यासाठी मरण पावला एवढे तिला सांगितले. तिला त्यातले फारसे कळले नाही. तरी कोणी काढून घेईल या भीतीने तिने तो लपवून ठेवला. आजवर तिला जे जे देण्यात आले होते ते कपडे असोत की मार, दुसऱ्याच्या सोयीसाठी दिलेले होते. हा क्रूस तेवढा तिचा स्वतःचा होता.

आश्रमात मारिया फाब्रेत्ती या धर्मभगिनीने तिला श्रद्धेचे धडे दिले. लहानपणी सूर्य-चंद्र-तारे पाहून यांचा मालक कोण असेल असे तिला वाटत असे. तो मालक कोण हे आता तिला कळत होते. आणि त्याच्यापुढे सगळेच मालक छोटे असतात, हेही तिच्या ध्यानी येत होते.

दोन सभा

इतिहासात काही योगायोग असे असतात की एखाद्या कादंबरीकाराने ते रचले असते तर आपण त्यांवर विश्वास ठेवला नसता. १८ नोव्हेंबर १८८९ रोजी बेल्जियमच्या राजधानीत, ब्रुसेल्स येथे, आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. युरोपीय सत्ता, अमेरिका, तुर्कस्तान, इराण आणि झांझिबार यांचे प्रतिनिधी तेथे जमले होते. इटलीही त्यांत होती. व्हेनिसमधील बैठक त्यानंतर अकराव्या दिवशी झाली. ब्रुसेल्सची परिषद जुलै १८९० मध्ये संपली आणि तिचा अंतिम करारनामा शंभर कलमांचा झाला. व्हेनिसच्या बैठकीतून कसलेही कलम निघाले नाही. एक माणूस मात्र मोकळे झाले.

ब्रुसेल्सच्या परिषदेमागे ख्रिस्तसभेचा मोठा वाटा होता, याचा अभिमान आपल्याला वाटणे साहजिक आहे. ५ मे १८८८ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ब्राझीलच्या बिशपांना पत्र लिहून गुलामगिरीचा निषेध केला. त्यानंतर आठच दिवसांनी ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने संपवली. त्याच वर्षी अल्जिअर्सचे कार्डिनल लाव्हिजेरी यांनी पॅरिस, लंडन आणि ब्रुसेल्स येथे भाषणे करून आफ्रिकेच्या यातना युरोपच्या कानी घातल्या. खुद्द खार्टूममध्ये बिशप दानिएले कोंबोनी या व्यापाराशी झुंजत १८८१ मध्ये मरण पावले होते. १८९० मध्ये लिओ तेराव्यांनी तीन राजांच्या सणाला आफ्रिकेतील या कार्यासाठी दरवर्षी सर्व चर्चमधून वर्गणी गोळा करावी असा आदेश दिला.

परंतु इतिहास प्रामाणिकपणे वाचायचा तर दुसरे पानही उलटले पाहिजे. १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना गुलाम करण्याची मुभा दिली होती. पोप पॉल तिसरे यांनी १५३७ मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करता येणार नाही असे बजावले आणि ग्रेगरी सोळावे यांनी १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला. तरीही मधल्या शतकांत ख्रिस्ती घरांतून आणि मठांतूनही गुलाम राबत होते. गोव्यात ते होते, आणि पोर्तुगीज अमलाखालील आपल्या वसई-साष्टीतही होते. पोर्तुगालने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपल्याचे जाहीर केले ते १८६९ साली. दारफुरमध्ये बखिता जन्मली तेच सुमाराचे साल! तेव्हा व्हेनिसच्या दिवाणखान्यात कार्डिनल अगोस्तिनी जी बाजू घेऊन उभे राहिले, तिथपर्यंत पोहोचायला ख्रिस्तसभेला बराच लांबचा रस्ता चालावा लागला होता, हे आपण विसरता कामा नये.

एक प्रश्न, एक पत्र

१८८९ च्या अखेरीस तुरिनाबाई मुलीला आणि बखिताला घेऊन जाण्यासाठी व्हेनिसला आली. सुआकीनच्या हॉटेलात दोघींची गरज होती. तेव्हा बखिताने नकार दिला. आपला स्नानसंस्कार व्हायचा आहे, आपण येथेच राहणार, असे तिने सांगितले. बाईसाहेबांना हा कृतघ्नपणा वाटला. त्यांनी उपकारांचा पाढा वाचला, आर्जवे केली, धाक घातला. एवढी वर्षे हुकूम पाळत आलेल्या मुलीला उत्तरे देणे किती कठीण गेले असेल! शिवाय मिम्मिना तिच्या पदराला धरून रडत होती. तिच्यावरचे प्रेम हीच या नकाराची सर्वांत मोठी किंमत होती.

या ठिकाणी आश्रमाच्या मदर सुपीरियरने जे केले त्यावर पुढचे सारे अवलंबून होते. हा त्यांच्या घरचा मामला आहे असे म्हणून तिला बाजूला होता आले असते. मिकिएली कुटुंब प्रतिष्ठित होते आणि त्यांनी विश्वासाने मुलगी ठेवायला दिली होती. त्याऐवजी तिने पॅट्रिआर्कना कळवले. पॅट्रिआर्कनीही केवळ आशीर्वाद देऊन विषय संपवला नाही. त्यांनी राजाच्या प्रोक्युरेटरकडे विचारणा केली: या मुलीवर या बाईंचा कायद्याने काही हक्क पोहोचतो काय? इटलीचे राज्य आणि ख्रिस्तसभा यांचे त्या काळी पटत नव्हते. १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतल्यापासून पोप व्हॅटिकनच्या भिंतींआड राहत होते. अशा परिस्थितीत एका कार्डिनलने राजाच्या अधिकाऱ्याकडे न्याय मागावा आणि त्या अधिकाऱ्यानेही तो सरळपणे द्यावा, यामागे एका गुलाम मुलीचा प्रश्न होता. हे दोघांच्याही मोठेपणाला शोभणारे होते.

मग ती बैठक झाली. बखिताने पुढे १९१० मध्ये तेरेसा फाब्रिस या धर्मभगिनीला आणि १९३० मध्ये इदा झानोलिनी या लेखिकेला आपल्या आठवणी सांगितल्या. त्यांत या दिवसाचे चित्र आहे. चरित्रांतून ‘न्यायालयाने निकाल दिला’ असा उल्लेख वारंवार येतो. परंतु आपल्या मनात येते तशी ती कचेरी नव्हती. आश्रमाच्याच दिवाणखान्यात मंडळी बसली होती. तुरिनाबाई आपल्या लष्करी अधिकारी असलेल्या दिराला घेऊन आली होती. पॅट्रिआर्क प्रथम बोलले. बोलणे बराच वेळ चालले. अखेर बखिताला विचारण्यात आले. बाईसाहेबांवर आपले प्रेम आहे, मिम्मिनाला सोडताना काळीज तुटते आहे, पण देवाला गमावणे आपल्याला शक्य नाही म्हणून आपण येथून जाणार नाही, अशा आशयाचे ती बोलली. त्यानंतर प्रोक्युरेटरनी आपले मत जाहीर केले. इटलीत गुलामांचा व्यापार चालत नाही. या भूमीवर पाय ठेवणाऱ्याच्या बेड्या आपोआप गळून पडतात. सबब ही स्त्री स्वतंत्र आहे आणि तिने कोठे राहावे हे तीच ठरवील.

तुरिनाबाई मिम्मिनाचा हात धरून, संतापाने आणि दुःखाने रडत, निघून गेली. बखिताने त्या मुलीला पुन्हा कधी पाहिले नाही.

कायद्याने काय केले आणि काय केले नाही

प्रोक्युरेटरच्या त्या शब्दांना जुनी परंपरा होती. १७७२ मध्ये लंडन येथे लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जेम्स सॉमरसेट या गुलामाला मालकाच्या तावडीतून सोडवताना हेच तत्त्व लावले होते. आपल्या देशात १८४३ चा पाचवा कायदा याच वाटेने गेला. एखादी व्यक्ती आपली गुलाम आहे या आधारावर मागितलेला कोणताही हक्क न्यायालयाने मानू नये, असे त्याने ठरवले. या सर्वांत कायद्याची रीत सारखीच आहे. तो मालकाकडे पाठ फिरवतो. ‘तुझी ही मालमत्ता आम्ही ओळखत नाही,’ एवढेच तो म्हणतो.

ही थोर गोष्ट आहे, परंतु अपुरी आहे. त्या दिवाणखान्यात कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. जिनोआच्या बंदरावर माणूस भेट देणाऱ्याला कोणी प्रश्न विचारला नाही. तिला झाडीत नेणारे, अल् ओबेदच्या बाजारात तिचे दात तपासणारे, तिच्या अंगावर वस्तरा चालवणारे यांपैकी एकही जण कधी कोणत्याही न्यायाधीशासमोर उभा राहिला नाही. इटलीची नवी दंडसंहिता लागू झाली ती १ जानेवारी १८९० रोजी, म्हणजे बैठकीनंतर महिन्याभराने. कोणालाही गुलामीत टाकणाऱ्याला बारा ते वीस वर्षांची सजा तिने ठेवली. मालकाचा हक्क नाकारणे आणि मालकाला गुन्हेगार मानणे यांत जे अंतर आहे, ते कायदा त्या दिवसांत हळूहळू ओलांडत होता. कादंबरीतील सरकारी वकिलाचा जन्म खरे तर या अंतराच्या पलीकडच्या काठावर झाला.

आणखी एक गोष्ट आम्हांला येथे महत्त्वाची वाटते. प्रोक्युरेटरने सांगितलेला कायदा १८८५ मध्येही तोच होता. मग चार वर्षे तो कोठे होता? तो पुस्तकात होता. त्याला दिवाणखान्यात आणायला प्रथम एका तरुणीला ‘नाही’ म्हणावे लागले, मग एका धर्मभगिनीला ते ‘नाही’ ऐकावे लागले आणि एका बिशपला पत्र लिहावे लागले. या साखळीतला एक दुवा निखळला असता तर बखिता सुआकीनच्या हॉटेलात परत गेली असती, आणि कायद्याच्या पुस्तकातील एक अक्षरही त्याने बदलले नसते.

तांबडा समुद्र आणि आपला किनारा

हे सर्व फार दूरचे वाटेल; परंतु तांबड्या समुद्राचे आणि हिंदी महासागराचे पाणी आपल्याही किनाऱ्याला लागते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत आणली जात. त्यांपैकी कित्येकांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात शिक्षण आणि हातकाम शिकवले गेले. डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे शव १८७४ मध्ये आफ्रिकेतून लंडनला पोहोचवणारा जेकब वेनराइट हा याच शाळेचा विद्यार्थी. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे १८७३ मध्ये झांझिबारला गेले आणि त्याच वर्षी तेथील गुलामांचा बाजार बंद करणारा तह झाला. पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत वसली, तिला त्यांचेच नाव देण्यात आले. आणि शरणपूरला वाढलेले आफ्रिकी ख्रिस्ती तेथे जाऊन राहिले. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या या कार्याची आठवण कॅथोलिक घरांतूनही व्हावी असे आम्हांला वाटते.

साखळ्यांचे वजन

९ जानेवारी १८९० रोजी बखिताचा स्नानसंस्कार झाला. जोसेफिन मार्गारेट अशी नावे तिला मिळाली. त्यांत फोर्तुनाता हे नावही होते. ‘बखिता’चाच तो लॅटिन अनुवाद. त्याच दिवशी कार्डिनल अगोस्तिनी यांनी तिला दृढीकरण आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद दिला. १८९३ मध्ये ती कनोसा संस्थेत नवशिक्षार्थी म्हणून दाखल झाली आणि ८ डिसेंबर १८९६ रोजी तिने व्रते घेतली. १९०२ पासून स्कियो या गावी स्वयंपाकघर, शिवणकाम, पवित्र वस्त्रांची निगा आणि दारावरची सेवा ती करीत राहिली. गावची मुले तिला लाडाने ‘काळी मदर’ म्हणत. आपल्याला पळवून नेणारे भेटले तर आपण त्यांच्या हातांचे चुंबन घेऊ, कारण त्यांच्यामुळेच आपल्याला ख्रिस्ताची ओळख झाली, असे ती म्हणे. हे तिचे वाक्य आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो. क्षमा करण्याचा तो अधिकार तिचा होता. त्या क्षमेचा आधार घेऊन गुन्हा लहान लेखण्याचा अधिकार मात्र आपल्याला पोहोचत नाही.

८ फेब्रुवारी १९४७ रोजी ती निवर्तली. शेवटच्या आजारात ग्लानीत असताना, या साखळ्या जड आहेत, जरा सैल करा, अशी विनवणी ती परिचारिकेला करीत होती. प्रोक्युरेटरने १८८९ मध्ये तिला स्वतंत्र ठरवले होते; तिचे शरीर मात्र सत्तावन्न वर्षांनंतरही ते लोखंड विसरले नव्हते. कायद्याच्या निकालपत्रांत या वजनाची नोंद होत नसते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये तिला धन्य घोषित केले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी संतपद दिले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, १५ नोव्हेंबर २००० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी व्यापाराविरुद्धचा पालेर्मो मसुदा स्वीकारला. आज जगभरचे सरकारी वकील याच मसुद्याच्या व्याख्येवर आपले खटले उभे करतात. २०१५ पासून ८ फेब्रुवारी, म्हणजे बखिताचा सण, हा मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून ख्रिस्तसभेत पाळला जातो.

आपल्या घराचा दिवाणखाना

आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने मानवी व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केलेली आहे. भारताने २०११ मध्ये पालेर्मो मसुद्याला मान्यता दिली. २०१३ मध्ये दंडसंहितेचे ३७० वे कलम नव्याने लिहून मानवी व्यापाराची व्याख्या विस्तृत करण्यात आली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात हा गुन्हा आहे. फसवून, धाक दाखवून, किंवा ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याला पैसे देऊन माणूस नेणे, ठेवणे आणि त्याचे शोषण करणे हे सारे त्यात येते. तेव्हा कायदा नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. तो जिनोआच्या बंदरावरही होताच.

छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातून आदिवासी मुली घरकामासाठी मोठ्या शहरांत येतात. त्यांतल्या पुष्कळ जणी आपल्याच श्रद्धेच्या, गळ्यात क्रूस घालणाऱ्या असतात. सिस्टर जीन डेवॉस यांनी १९८५ मध्ये घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली ती अशाच मुलींची दुःखे जवळून पाहिल्यामुळे. बहुतेक घरांत या मुलींना नीट वागवले जाते, हेही खरे. परंतु लेन्यानी आणि तुरिनाबाई हेही वाईट वागवत नव्हते. म्हणून नीट वागवण्यापुढचे प्रश्न आपण स्वतःला विचारले पाहिजेत. ही मुलगी कोणामार्फत आली? तिचा पगार तिच्या हातात पडतो की मध्यस्थाच्या? तिची कागदपत्रे कोणाच्या कपाटात आहेत? रविवारच्या मिस्साला ती एकटी जाऊ शकते का? आणि उद्या तिने ‘मी परत जाते’ असे म्हटले, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल?

न्यायालयीन कादंबरी मिटून ठेवताना आपल्याला समाधान वाटते, कारण त्या सरकारी वकिलाने आपल्या वतीने सारे काही केलेले असते. बखिताची हकिकत असे समाधान देत नाही. तिच्यात अभियोक्ता फक्त शेवटी येतो, आणि तोही कोणीतरी विचारले म्हणून. स्कियो येथे वृद्ध बखिता दारावर बसत असे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे स्वागत करणे, कोणाला काय हवे ते विचारणे, हे तिचे काम होते. जिच्यासाठी एके काळी कोणी दार उघडले नव्हते, तिने दाराचीच सेवा मनापासून स्वीकारली. येत्या ८ फेब्रुवारीला तिच्या नावाने मेणबत्ती लावताना आपल्या घराचे, आपल्या धर्मग्रामाचे दार आतून उघडते की बाहेरून, हे आपण एकदा पाहून घ्यावे.